सालीवरचा डाग कोणाच्या खात्यावर?

हापूसचा हंगाम आला की भावाची चर्चा सुरू होते. पेटी कितीला गेली, मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात फळ केव्हा येणार, हेच प्रश्न पुढे असतात. परंतु झाडावरून उतरलेले जे फळ ग्राहकाच्या घरी पोहोचण्यापूर्वीच काळवंडते, सुरकुतते किंवा कुजते, त्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. वस्तुतः कोकणातील बागायतदाराच्या पदरात काय पडते, हे जितके मोहोरावर अवलंबून असते, तितकेच या न मांडलेल्या हिशेबावरही असते.

फळाच्या सालीवर जे डाग उमटतात, त्यांचे कारण एकच नव्हे. देठ मुळाशी मोडला की चीक ओघळतो, आणि तो लागेल तेथील साल भाजल्यासारखी काळी पडते. करप्याची बुरशी बागेतच फळात शिरलेली असते. कच्च्या फळावर ती दिसत नाही, फळ पिकू लागले म्हणजे काळ्या ठिपक्यांच्या रूपाने प्रकट होते. फळ टिकावे म्हणून ते अतिथंड कोठारात ठेवावे, तर तो उपायही उलटतो. आंबा हे उष्ण प्रदेशातील फळ. सुमारे १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली ते फार दिवस राहिले की साल करडी पडते, तिच्यावर खळगे उमटतात आणि बाहेर काढल्यावर फळ धड पिकत नाही.

यांवरील उपाय अज्ञात नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन’ झेल्याने फळ देठासह उतरविता येते. उतरविलेले फळ सावलीत ठेवणे, सुमारे ५२ अंश तापमानाच्या पाण्यात ठरावीक मिनिटे बुडवून करपा आवरणे आणि १३ अंशांच्या आसपास साठवण करणे, यांत असाध्य असे काहीच नाही. मग हे सर्वत्र का होत नाही? बागायतदाराच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु खरे उत्तर बाजाराच्या रचनेत शोधावयास हवे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. मालाचा खरा दर्जा विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो, आणि सरासरी किंमत मिळू लागली की चांगला माल देण्यात कोणासच स्वारस्य उरत नाही. आंब्याच्या पेटीस हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. ज्याने काळजी घेतली त्याचे फळ आणि ज्याने काठीने झोडपले त्याचे फळ, दोन्ही पहिल्या दिवशी हिरवीगार व सारखीच दिसतात. फरक आठवड्याने आढीत कळतो, आणि तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो. त्यात हंगामाच्या आरंभीचा चढा भाव कोवळे फळ उतरविण्याचा मोह घालतो. असे फळ रंग धरण्याऐवजी सुरकुतते, आणि त्याची बदनामी साऱ्या हापूसच्या वाट्याला येते.

याहून गंभीर बाब जोखमीच्या वाटणीची आहे. बागेतून पेटी निघाली की फळावर बागायतदाराचा ताबा राहत नाही. पण वाटेतील उष्णता, आदळआपट व विलंब यांचे नुकसान मात्र विक्रीपट्टीत त्याच्याच नावे कापले जाते. ज्याच्या हातून नुकसान होते त्याला त्याची झळ बसत नसेल, तर त्याने काळजी का घ्यावी? ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मानांकन फळाच्या मूळ स्थानाची ग्वाही देते. प्रवासात ते कसे हाताळले गेले याची देत नाही.

म्हणून उपाय सामूहिकच असावयास हवा. चार-सहा गावे मिळून सहकारी संस्थेचे एक बांधणीकेंद्र उभारावे. तेथे गरम पाण्याची टाकी आणि योग्य तापमानाची खोली असावी. फळाची प्रतवारी माल हाती असतानाच लेखी नोंदविली जावी आणि त्यानंतरचे नुकसान ज्याच्या ताब्यात ते घडले त्याच्या खात्यावर जावे. लहान बागायतदारास एकट्याने हा खर्च पेलणार नाही. म्हणूनच शासनाचे साहाय्य केवळ झाडे लावण्यावर न थांबता येथवर पोहोचले पाहिजे.

ग्राहकाचीही काही जबाबदारी आहेच. चिकाच्या वरवरच्या डागाने गराची गोडी कमी होत नाही. तरीही असे फळ कॅनिंगच्या पडेल भावात जाते. उलट, नितळ सालीआड साक्याने बिघडलेला पांढरट गर असू शकतो. सालीवरून पारख करणारा बाजार दोन्हीकडून फसतो. वर्षभराची मेहनत फळाच्या शेवटच्या आठ दिवसांत मातीमोल होत असेल, तर तो दोष निसर्गाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. आणि व्यवस्था बदलणे माणसाच्या हाती असते.