मुक्ती कोणाची, आणि कशापासून?

ख्रिस्ताचा मुक्तिसंदेश इतरांना समजावून सांगणे हे मिशनरी आपले धर्मकर्तव्य मानतात. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचा अधिकार सर्वांप्रमाणे त्यांनाही दिला आहे. तेव्हा कोणी हा संदेश सांगतो, एवढ्यानेच संतापण्याचे कारण नाही. त्या संदेशात काय आहे आणि तो कोणत्या वाटेने येतो, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

संदेशाचा क्रम ठरलेला आहे. मनुष्य जन्मतःच पापी, स्वबळावर त्याची सुटका अशक्य, आणि क्रुसावर बलिदान करणारा एकच तारणहार. म्हणजे औषध देण्याआधी रोग पटवून द्यावा लागतो. भामरागडच्या जंगलातील माडियाला चूक ठाऊक आहे, गावपंचायतीचा दंडही ठाऊक आहे. पण आपण जन्मानेच दोषी आहोत, हे त्याच्या पूर्वजांनी त्याला कधी सांगितलेले नाही.

मुक्तिदाता तर त्याच्याकडे पूर्वीपासूनच आहे! गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगोने बाहेर काढले आणि त्यांना कुळे व देव नेमून दिले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. ती टिपून ठेवणारा होता नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने त्याचे कागद प्रसिद्ध केले. लिंगोने सोडविले ते सर्वांना. श्रद्धेची अट घालून निवडकांना नव्हे.

आज या दोन जिल्ह्यांत काम करणारे कॅथॉलिक धर्मक्षेत्र केरळच्या सीरो-मलबार परंपरेचे असून त्याचे केंद्र बल्लारपूरला आहे. १९६२ साली चांदा हे मिशनक्षेत्र झाले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. योगायोग असा, की १९६२ सालीच रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. ज्याला स्वतःच्या दोषाविना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जो सदसद्विवेकाला स्मरून प्रामाणिकपणे ईश्वराला शोधतो, त्यालाही तारण मिळू शकते, असे या परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले. मग पेन पुजणाऱ्या माडियाने आपला देव सोडण्याची निकड ती काय? प्रचार हे कर्तव्यच आहे, असे चर्च अजूनही म्हणते. पण या प्रश्नाचे उत्तर गावकऱ्यांसमोर द्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

आता वाटेविषयी. १९५६ साली नियोगी समितीचा अहवाल आला, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातच होता. प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरावर समितीने बोट ठेवले. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी औषधाबरोबर प्रार्थनेची अट येत असेल, तर ते समजावणे उरत नाही, तो सौदा होतो.

परंतु दोष केवळ दुसऱ्याच्या पदरी घालून भागणार नाही. त्या मुलाच्या उशाशी आपण का नव्हतो? हेमलकसाला १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प उभारला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव आहे. ही कामे आपल्या खात्यावर मांडण्याचा मोह टाळावा. धर्म बदलण्याची अट न घालता सेवा करता येते, एवढा धडा त्यांतून घ्यावा.

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी उघड वाद करीत. त्यांनी दगड उचलला नाही, युक्तिवाद उचलला. तीच आपली परंपरा. मार्कंडाच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आपण दरवर्षी वनवासी बांधवांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो. जत्रा उठली की त्यांच्या गावाची वाट विसरतो. कार्यकर्त्यांनो, आधी माडिया भाषा शिका, त्यांच्या पेनची कथा ऐका, आणि मग बोला. समजावण्यापूर्वी समजून घेतले नाही, तर आपल्यात आणि त्या प्रवचनकारात फरक तो काय राहिला?