श्रेयांक मिळतो, विद्यावेतनाचे काय?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. चार श्रेयांकांसाठी विद्यार्थ्याने कारखान्यात, बँकेत वा कार्यालयात सुमारे १२० तास काम करावयाचे असते. परंतु या कामाचे विद्यावेतन त्यास दिलेच पाहिजे, असे बंधन मालकावर नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या उणिवेचा अर्थ अधिक बोचरा होतो. येथील अनेक विद्यार्थी सकाळी महाविद्यालयात आणि दुपारनंतर दुकानात वा शिकवणी वर्गात काम करून घराला हातभार लावतात. अशा मुलाने श्रेयांकासाठी पंधरा दिवस फुकट राबावयाचे, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या कमाईवर पाणी सोडावयाचे. सुखवस्तू घरातील मुलास जे प्रशिक्षण वाटते, ते त्यास दंडासारखे वाटल्यास नवल नाही.

वस्तुतः वाट नवी शोधावयाची नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले, तसेच कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली. २०१९ मध्ये पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविण्यात आले. श्रेयांकापुरता आलेला विद्यार्थी मात्र ना कामगार, ना शिकाऊ उमेदवार. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले; तेथे मुलांना पाठविताना ही संदिग्धता परवडणारी नाही.

छोटे कारखानदार म्हणतील, पंधरा दिवसांच्या पाहुण्याकडून काम ते काय होणार? आक्षेप रास्त आहे. पण तो विद्यावेतनाविरुद्ध नसून अल्प मुदतीविरुद्ध आहे. विद्यार्थी पूर्ण सत्रभर राहिला, तर शिकेलही आणि उपयोगीही पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीसह पदवीची जी रूपरेषा दिली, तीत श्रेयांक व विद्यावेतन यांची सांगड आहे. महाविद्यालयांनी ती स्वीकारावी.

अडचण उरते ती लहान घटकांची. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेसच शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे. वागळे इस्टेट व डोंबिवलीतील अनेक घटक त्याहून लहान. तेव्हा कारखानदारांच्या संघटनांनी उमेदवारांची सामायिक व्यवस्था करावी. केंद्राच्या योजनांतून विद्यावेतनाचा काही भार सरकार उचलते. उरलेला लहान घटकांपुरता राज्याने सोसावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग महाराष्ट्रास दाखविला. त्यातील पहिला शब्द गाळून केवळ दुसरा ठेवणे, ही त्या वारशाची प्रतारणा ठरेल. विद्यावेतनाची हमी नसेल, तेथे विद्यार्थी पाठवू नये, एवढा निर्धार विद्यापीठाने केला तरी पुष्कळ साधेल.