साखर फलक आणि संध्याकाळचा तास

मे २०२५ मध्ये ‘सीबीएसई’ने आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले. शीतपेयांत नि खाऊत किती साखर असते, हे मुलांना दिसावे, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच आहे. परंतु मी बेंगळूरुच्या व्हाइटफील्डमध्ये जे पाहतो, त्यावरून वाटते की, फलक वाचून मूल घरी येते तेव्हा त्याच्या ताटाचा निर्णय अन्यत्र झालेला असतो.

अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करावी म्हणून १८८२ मध्ये वसलेली ही वस्ती. आता तेथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे मनोरे आहेत आणि संध्याकाळी गृहसंकुलांच्या फाटकांशी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्यांच्या दुचाकी. आईवडील दोघेही नोकरीत. स्वयंपाक एक तर कामाच्या बाईंकडे, नाही तर अ‍ॅपकडे. दोन्हीकडे मूल निव्वळ खाणारे उरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुले खुरटलेली आढळली.

अनोळखी चवीची धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सर्वाधिक असते. ती उपदेशाने जात नाही, पदार्थाशी वारंवार गाठ पडल्याने ओसरते. चार वर्षांचे मूल मटार सोलू शकते, मेथी निवडू शकते, मुगाला मोड येताना रोज पाहू शकते. कर्नाटकातली कोसंबरी तर जणू त्याच्यासाठीच आहे: भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे, लिंबू. फोडणी तेवढी मोठ्यांनी द्यावी. यात नवे काहीच नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आकाराला आलेल्या नई तालीममध्ये, सेवाग्रामच्या शाळेत, स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग होता. आपण मात्र तो आधी शाळेतून घालवला आणि मग घरातूनही.

येथे एक अडचण आहे आणि ती लहान नाही. ‘मुलांना स्वयंपाकात घ्या’ हे आवाहन प्रत्यक्षात कोणाला उद्देशून असते? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. वडील ओट्याशी उभे राहणार नसतील, तर हा सल्ला म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे. आणि संकुलात पोळ्या लाटून परतणाऱ्या बाईंच्या घरी दहा वर्षांची मुलगी भात टाकून बसलेली असेल, तर तिला कोणी आहारशिक्षण म्हणत नाही. तिच्या वाट्याला येते ते केवळ काम, आणि तिचा भाऊ त्यातून सुटतो.

म्हणून मला हा प्रश्न पाककृतींपेक्षा कामाच्या तासांचा वाटतो. जून २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने दुकाने व आस्थापनांतील रोजचे काम नऊवरून दहा तास करण्याचा प्रस्ताव मांडला. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगार संघटनेने विरोध केला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अशाच बदलाला मंजुरी दिली. समर्थक गुंतवणुकीचे दाखले देतात. व्हाइटफील्डच्या वाहतूक कोंडीतून सात वाजता घरी पोहोचणारा बाप त्या हिशेबाने आठला पोहोचेल. मटार सोलायला मुलासोबत बसता आले असते, तो तास नेमका हाच. एकीकडे साखर फलक लावायचे आणि दुसरीकडे हा तास काढून घ्यायचा, ही दोन धोरणे एकाच मुलाविषयी आहेत, हे शिक्षण आणि कामगार खात्यांनी एकदा एकत्र बसून पाहायला हवे.