आधी उजेड, मग हत्यार



रात्रीची लाइट, फडात बिबट्या आणि दारं धरायला माणूस एकटा. त्यामुळे ‘रिव्हॉल्व्हर घ्यावं का, अन् घ्यावं तर कोणतं?’ हा प्रश्न पारावर हमखास निघतो. आमचे मत सरळ आहे.

नऊ मिलिमीटरचे हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही, मिळते ते.३२ बोअरचे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे, २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ याच बोअरचे. वजन सुमारे अर्धा किलो. पण हलके हत्यार झटका जास्त देते आणि आखूड नळीने नेम धरणे कठीण. घ्यायचेच झाले तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे. काडतूस वाजले नाही, तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते.

मात्र बिबट्यासाठी घेणार असाल तर तो विचार सोडा. एवढ्याशा गोळीने जनावर मरण्याऐवजी जखमी होते आणि जखमी बिबट्या अंगावर येतो. शिवाय १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे.

परवान्याशिवाय हत्यार नको. मिळाले तर आधी रीतसर शिका. घरी ते कुलपातच हवे, पोरांच्या हाती लागता कामा नये. लग्नात हवेत बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा चांगली बॅटरी घ्या, जोडीने जा. आणि वार्षिक सभेत दिवसा विजेचा ठराव एकमुखाने मांडा. पाणी दिवसा देता आले, तर निम्म्या लोकांना रिव्हॉल्व्हर लागणारच नाही!