कॉइल कुठे ठेवायची?

नैराश्यासाठी टीएमएस देताना अंगठा हलवणारी जागा शोधायची आणि तिथून पाच सेंटिमीटर पुढे कॉइल धरायची, हे आपल्यातले अनेकजण शिकले. पण डोकी काही एका मापाची नसतात. 2001 साली हेर्विग आणि सहकाऱ्यांनी 22 जणांत पडताळून पाहिले, तेव्हा फक्त 7 जणांत कॉइल हव्या त्या भागावर आली होती. पुढे 2012 मध्ये मायकेल फॉक्स यांच्या गटाने दाखवले, की खोलवरच्या सबजेन्युअल सिंग्युलेटशी उलट चालणाऱ्या बिंदूवर उत्तेजन दिले की गुण अधिक येतो. हा बिंदू माणसागणिक थोडा सरकतो.

स्टॅनफर्डची ‘सेंट’ पद्धत यावरच उभी आहे. फंक्शनल एमआरआयवरून जागा ठरवून रोज 10 सिटिंग, सलग 5 दिवस. 2022 च्या चाचणीत खऱ्या उपचाराच्या गटातले जवळजवळ 79 टक्के रुग्ण आजारमुक्तीच्या निकषात बसले, लटक्या उपचाराच्या गटातले 13 टक्के. आकडा मोठा, पण रुग्ण अवघे 29. शिवाय गुण नकाशाने आला की वाढवलेल्या मात्रेने, हे त्यातून कळत नाही. दोन्ही एकाच गटाला मिळाले होते. ब्रिटनच्या ब्राइटमाइंड चाचणीत (2024, 255 रुग्ण) जोडण्यांच्या नकाशावरून दिलेले थीटा बर्स्ट साध्या एमआरआयवरून दिलेल्या नेहमीच्या टीएमएसपेक्षा सरस ठरले नाही.

संकेश्वरातून पाहताना आम्हाला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईने आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे, बेळगावला किंवा कोल्हापूरला यायचे म्हणजे मजुरी बुडणार, आणि सोबतीला येणाऱ्याचीही. थीटा बर्स्टने सिटिंग 37 मिनिटांवरून 3 वर आणले खरे. बस तेवढाच वेळ घेते! अशा रुग्णाला पाच दिवसांत संपणारा उपचार नकाशापेक्षा मोलाचा. म्हणून डोक्याला टेप लावून बीम-एफ3 पद्धतीने जागा धरायची आणि पाच दिवसांचा कोर्स द्यायचा, याची नीट चाचणी आपल्याकडच्या मोठ्या संस्थांनी करायला हवी. निम्हान्सने पुढाकार घेतला तर उत्तमच.

तोवर मोटर थ्रेशोल्ड प्रत्येकाचा स्वतंत्र मोजा, औषध बदलले की पुन्हा मोजा. फिट येऊन गेल्याची चौकशी घरच्यांसमोर करा. बेन्झोडायझेपिन चालू असेल तर नोंदवा, ती असताना गुण कमी येतो असे दिसले आहे. आणि नकाशाचे वेगळे पैसे घेणाऱ्या केंद्राकडे रुग्ण पाठवण्याआधी विचारा: स्कॅन किती मिनिटांचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला तर बिंदू तिथेच येतो का?