मिठाची बॅटरी आपल्या उन्हात टिकेल का?



रानडुकरांच्या भीतीने झटका मशीन घेतलेले शेतकरी शिवारात भेटले की पिकाआधी बॅटरीचीच तक्रार सांगतात. पहाटे मशीन बंद पडते अन् सकाळी भुईमूग उकरलेला दिसतो. फवारणी पंपाचीही तीच गत.

आता सोडियमची बॅटरी येऊ लागली आहे. सोडियम म्हणजे आपल्या मिठातले. लिथियमसारखे बाहेरून आणायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजने तिथल्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने असे तंत्रज्ञान जाहीर केले. ३,००० ते ६,००० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता राहते, असे कंपनीने सांगितले.

आकडा चांगला आहे. पण खरी गोम आहे कॅथोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या धन बाजूच्या पदार्थात. मांजरा-मन्याड खोऱ्यातली काळी जमीन आठवा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या पदार्थाचेही बारीक थर असतात. चार्ज करताना सोडियमचे कण थरांतून बाहेर पडतात, वापरताना परत शिरतात. हे कण लिथियमपेक्षा मोठे. त्यामुळे थर सरकतात, हळूहळू तडकतात. शिवाय पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तसा हा पदार्थही कारखान्यातच हवेतला ओलावा धरतो आणि वर धुण्याच्या सोड्याचा थर येतो. चोपण जमिनीवर पांढरे फुटते ना, त्याच जातीचा प्रकार!

उपाय आहेत. थर जागेवर राहावेत म्हणून मॅग्नेशियम, टायटॅनियम थोडे मिसळतात. कणांवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ लेप देतात; आपली बीजप्रक्रियाच समजा. दुसरी वाट फॉस्फेटच्या सांगाड्याची. तो पक्का असतो, पण तेवढ्याच वजनात वीज कमी साठवतो. माझे मत विचाराल तर बांधावरच्या बॅटरीला वजनाची काय अडचण? ती काही डोक्यावर वाहायची नाही. टिकाऊपणा आधी बघावा. पाठीवरच्या पंपाचे गणित मात्र वेगळे.

नांदेड-लातुरात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याची पेटी त्याहून तापते. उष्णतेत बॅटरीच्या आतली झीज वाढते. म्हणून चार्जचा आकडा किती अंशांवर मोजला, हे दुकानदाराला जरूर विचारा. पथदिव्यांसाठी बॅटऱ्या घेताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ४५ अंशांवरच्या चाचणीचा कागद दरपत्रकासोबतच मागावा. तोंडी गॅरंटीवर बिल काढू नये.