एकाच तळ्यातले दोन उपास

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी या लेखाचा विषय सांगितला तेव्हा एका मित्रानं हसत विचारलं, "मत्स्यशेती? हे साहित्य मंडळ आहे की कृषी महाविद्यालय?" प्रश्न गमतीतला होता, पण उत्तर मात्र मला गांभीर्यानं द्यावंसं वाटतं. मराठीत खाडी, होडी, बांगडा, सुरमई भरपूर आहेत. तळ्यातला मासा मला वाचनात फारच कमी भेटला. आणि आपण ग्वाल्हेरकर तर समुद्रापासून कितीतरी कोस दूर. आपल्या वाट्याला आला तो रोहू आणि कटला, म्हणजे गोड्या पाण्याचा मासा. जो मासा आपण खातो, किंवा ज्याच्या वासानं आपण खिडकी लावून घेतो, तो येतो कुठून हे विचारणं साहित्याबाहेरचं का मानायचं?

दौलतगंजात राहणाऱ्यांना खिडकीचा उल्लेख लगेच कळेल. माझे आजोबा वसईहून गिरणीच्या नोकरीसाठी इथे आले आणि आमचं कॅथलिक घर इथल्या वाड्यांमध्ये मुरलं. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्याकडे मांस वर्ज्य, म्हणून मासा. तो खिडकी लावून तळायचा, हा शेजारधर्म. समोरच्या काकूंकडे एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होतो आणि त्याची वाटी आमच्याकडे येते. आमचा मासा मात्र त्यांच्याकडे जात नाही, आणि त्यात माझी काही तक्रारही नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. शिंगाडा झाडाला लागत नाही, तो तळ्यात पिकतो. आपल्या भागात आणि बुंदेलखंडात तो पिकवणारे लोक म्हणजे ढीमर, केवट, रायकवार, आणि तळ्यात जाळं टाकणारेही पुष्कळदा हेच लोक. म्हणजे काकूंचा उपास आणि आमचा उपास एकाच तळ्यातून, एकाच हातांनी येतो.

हे तळं नीट पाहिलं तर 'एकात्मिक शेती' हा जड शब्द सोपा होतो. पावसाळ्यात शिंगाड्याची वेल लावतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास फळं निघतात. वेलीची गळलेली पानं पाण्यात कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि माशांचं पोट भरतं. शेणाचंही तसंच. थोडं शेण पाण्यात गेलं की प्लवक वाढतं, आणि प्लवक म्हणजे माशांचा चारा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघं एका तळ्यात भांडण न करता वाढतात. तळाशी साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकला की पिकाला खत. बदकं पाळायची तर हेक्टरी दोनशे-तीनशे पुरतात. त्यांची विष्ठा पाण्याला, अंडी घराला. अर्थात अति तिथे माती. शेण जास्त झालं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात.

आजोबांच्या वसईत याच जातीची बावखलं आहेत. वाडीच्या कडेला गोड्या पाण्याचं तळं, त्यातून रहाटानं केळीला आणि पानवेलीला पाणी, त्यातच मासे. आता कितीतरी बावखलं बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पद्धत वाईट होती म्हणून ती गेली नाहीत. तळ्यापेक्षा त्याखालच्या जमिनीला भाव जास्त आला, म्हणून गेली.

भाताचं उदाहरण जवळचं आहे. हरसी धरणाच्या पाण्यावर डबरा-भितरवार पट्ट्यात भात होतो. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. खाचरात चर खोदून ठेवायचा, म्हणजे पाणी उतरलं की मासे चरात जातात. मासा किडे खातो, चिखल ढवळतो, विष्ठेनं खत देतो. मग डबऱ्यात हे का होऊ नये? होऊ शकतं, पण एका अटीवर. ज्या खाचरात मासा आहे तिथे हवी तेव्हा कीटकनाशकाची फवारणी करता येणार नाही. मासा शेतकऱ्याचा हात धरतो. मला यात तोटा दिसत नाही, पण फवारणीवर भरवसा ठेवणाऱ्याला तो दिसणारच, आणि त्याच्याशी बोलताना हे लपवू नये.

इथपर्यंत कुणाचंच फारसं दुमत नसावं. माझा आक्षेप आहे तो 'जोडधंदा' या शब्दाला. सरकारी पत्रकांत मत्स्यपालन नेहमी शेतीचा जोडधंदा असतं. म्हणजे शेतकरी मुख्य, मासा त्याला जोडलेला. पण गावच्या तळ्यावर जगणाऱ्या ढीमराकडे बहुधा शेतच नसतं. त्याचा मासा कशाला जोडायचा? त्याचा तर तोच धंदा आहे.

ही नुसती शब्दांची कुरकुर नाही. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे 'मामा तलाव' म्हणतात, ते पाहा. (भंडारा 1956 पर्यंत मध्य प्रदेशातच होतं, त्याच वर्षी ते बाहेर गेलं आणि आपलं ग्वाल्हेर आत आलं.) कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव भातासाठी आणि त्यातले मासे ढिवरांसाठी. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, मासेमारी सहकारी संस्थांकडे गेली. पण पाण्याचा वाद राहिला. भाताला शेवटचं पाणी हवं असतं तेव्हा मासे अजून वाढत असतात. रब्बीसाठी पंप लागले की तलाव आणखी उतरतो. शेतकऱ्याला पाणी बाहेर हवं, ढिवराला आत. दोघांचं खरं, दोघांचं पोट. तिथल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी तलावांत माजलेली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे माशांना चारा आणि अंडी घालायला जागा मिळाली. ज्यांच्या नावावर तलाव नाही त्यांनी तो सुधारला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे ग्रामपंचायती लहान तलाव दहा वर्षांच्या पट्ट्यानं मासेमारीला देतात. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, 20,050 कोटींची. तिच्यात नवं तळं खोदायला अनुदान मिळतं, सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. चांगलंच आहे. पण तळं खोदायला आधी जमीन लागते. जमीनवाल्याचं तळं अनुदानानं भरेल आणि बिनजमिनीच्या ढीमराचं गावतळं पंपानं आटेल, तर मासे वाढतील आणि मासेवाले कमी होतील.

कुणी म्हणेल, दुष्काळात आधी माणसाचं धान्य की मासा? धान्यच, मान्य. पण दरवर्षी दुष्काळ नसतो, आणि मासा हेही माणसाचंच अन्न आहे. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पट्ट्याच्या कागदावर जसं भाडं लिहितात तसं तळ्यात किती पाणी शिल्लक राहील हेही लिहावं. खांबावर एक खूण करावी. तिच्याखाली पंप चालणार नाही. ती खूण कुठे करायची हे शेतकरी आणि मासेमार यांनी एकत्र बसून ठरवावं. गाळ उचलणाऱ्या शेतकऱ्यानं तळ्याच्या डागडुजीला हात लावावा. जोड द्यायचीच असेल तर ती अशी द्यावी, दोन माणसांमध्ये.

आणि आपण मंडळवाल्यांनी काय करायचं? आपण शब्दांची माणसं. शिंगाडेवाल्याला, मासेवालीला विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही: तळं कुठलं, पट्टा कुणाचा, यंदा पाणी किती उरलं? आमच्या शुभवर्तमानातला संत पेत्र ज्या गालीलच्या समुद्रावर जाळं टाकायचा, तोही मुळात गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्याची रिकामी जाळी आम्ही दोन हजार वर्षं वाचतो आहोत. आपल्या तळ्यावरची रिकामी जाळी निदान एकदा आपल्या अंकात यावीत. पुढच्या अंकासाठी कुणी सोबत येणार असेल तर मला सांगा. मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.